गाडी मिसिंग मारतेय: जुन्या डिझेल पिकअपमधला मेलेला सिलिंडर कसा शोधायचा

चार सिलिंडरचं डिझेल इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला १,६०० ठोके, सेकंदाला सत्तावीसच्या आसपास. इतक्या वेगात सुटा ठोका कानाला कळत नाही, एकसारखी घरघर ऐकू येते. पण चारातला एक सिलिंडर मेला की त्या घरघरीत सेकंदाला सहा-सात वेळा खड्डा पडतो, आणि तो मात्र लगेच कळतो. बाजूचा आरसा थरथरतो, गिअरचा दांडा नाचतो, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती डोलायला लागते. याला आपल्याकडे म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय’.

हा लेख जुनी पिकअप नुकतीच हातात आलेल्यांसाठी आहे. टाटा २०७ डीआय, महिंद्राच्या जुन्या डीआय पिकअप किंवा त्याच पिढीतली कुठलीही चार सिलिंडरची गाडी, जिच्यात डिझेल पंप यांत्रिक आहे आणि पंपापासून प्रत्येक नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीला) स्वतंत्र लोखंडी पाइप जातो. नोझलवर वायरीचे कनेक्टर दिसत असतील तर ती कॉमन रेल गाडी, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल देणारी. तिच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय, पण मधल्या एका चाचणीआधी ते वाचाच, कारण ती चाचणी कॉमन रेलवर केली तर हात जाऊ शकतो.

मी मेकॅनिक नाही. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो, कांदा, कधी फुलं वाहायची एक पिकअप आहे माझ्याकडे, आणि माळशेजच्या चढाने तिची सगळी दुखणी मला शिकवली. त्यातून कळलं ते एवढंच, की बहुतेकांचे पैसे बिघाडापेक्षा अंदाजावर जास्त जातात. गाडी मिस मारली की कोणी म्हणतं नोझल बदल, कोणी म्हणतं पंप करून घे, कोणी थेट हेड, म्हणजे इंजिनचा वरचा व्हॉल्व्हवाला भाग, उतरवायला निघतो. त्याआधी दोनच प्रश्नांची उत्तरं काढायची. मेलाय तो सिलिंडर कितवा? आणि त्यात डिझेल पोचतच नाही, की पोचतंय पण पेटत नाही? ही दोन उत्तरं हातात असली की गॅरेजवाला तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलतो.

आधी खात्री करा की हे मिसिंगच आहे

इंजिनची फाउंडेशन रबरं तुटली तरी गाडी थरथरते, पण सायलेन्सरचा आवाज सम असतो. क्लच सोडतानाच हादरे बसत असतील तर ते क्लच प्लेटचं दुखणं. आणि स्लोवर इंजिन हळूहळू चढतं-उतरतं, ऊंऽऽ-ऊऽ-ऊंऽऽ असं, तर त्याला हंटिंग म्हणतात. त्यात बहुधा डिझेलमध्ये हवा असते किंवा पंपाच्या गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) भानगड असते, एखादा सिलिंडर मेलेला नसतो.

खरं मिसिंग तालात असतं. गाडी स्लोवर ठेवा, मागे जा, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वर्तमानपत्राची पट्टी धरा. निरोगी इंजिनची पट्टी एकसारखी फडफडते. मेलेल्या सिलिंडरची पाळी आली की ती लंगडते. मध्येच पट्टी आत ओढल्यासारखी झाली तर व्हॉल्व्ह जळाल्याची शंका घ्या. हा पुरावा नाही, इशारा आहे. पण फुकट आहे.

मग धूर बघा

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी हीच. सकाळी थंड गाडी स्वतः चालू न करता दुसऱ्याला करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा.

मिसिंग आहे आणि सोबत पांढुरका, डोळे झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर आहे: डिझेल सिलिंडरमध्ये जातंय, पण पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. म्हणून कच्चा धूर दिसला की एकतर दाब कमी पडतोय, म्हणजे व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा किंवा हेडखालचं गॅस्केट, नाहीतर नोझल फवारा मारायऐवजी मुततंय. हा शब्द माझा नाही, नोझलवाल्यांचाच आहे, आणि यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही.

मिसिंग आहे पण धूर नाही: त्या सिलिंडरला डिझेल पोचतच नाही. चोंदलेलं नोझल, गळका पाइप, पंपातला त्या सिलिंडरचा एलिमेंट (डिझेल दाबणारी प्लंजर-बॅरलची जोडी) किंवा त्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह. इथे हेड उतरवायला सांगणाऱ्याला नमस्कार करून घरी यायचं.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर चोंदलाय, टर्बोची नळी फाटलीय किंवा नोझल थेंब सोडतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तिला डिझेलचा वास नसेल आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर गॅस्केटकडे बघायचं.

कधी मारते, हे लिहून काढा

फक्त पहाटे थंड असताना मारते आणि पाच मिनिटांत सरळ होते? दाब किंचित कमी पडलाय किंवा नोझल रात्रभर झिरपतंय. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारा प्लग) असलेली गाडी असेल तर आधी तेच तपासा. गरम झाल्यावरच मारते? टॅपेट घट्ट असण्याची, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट संपल्याची, शक्यता पहिली. फक्त चढाला, लोडवर? मग डिझेलचा पुरवठा अपुरा: फिल्टर, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी, टाकीतला गाळ. कालच डिझेल भरलं आणि आजपासून मारते? उत्तर तुम्हीच दिलंत.

आणि एक मजेशीर दुखणं: गाडी पंधरा-वीस किलोमीटर उत्तम चालते, मग झटके मारायला लागते, बंद पडते, अर्धा तास उभी केली की पुन्हा चालते. पुढच्या वेळी असं झालं की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत घुसल्याचा ‘हुस्स’ आवाज आला तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय. डिझेल उपसलं गेलं पण त्याच्या जागी हवा आली नाही, टाकीत पोकळी झाली. सुई घालून भोक मोकळं करा. असल्या दुखण्यावर लोकांनी फीड पंप बदललेले मी पाहिलेत.

डिझेलची वाट: टाकीपासून पंपापर्यंत

इथे पाना लागतो, पण अक्कल जास्त लागते.

पहिलं पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. फिल्टरच्या किंवा सेडिमेंटरच्या (पाणी-गाळ साठवणाऱ्या वाटीच्या) खालचा स्क्रू सकाळी, गाडी हलवायच्या आधी सैल करून पहिलं ग्लासभर काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला की पुरे. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली तर आतल्या ओल्या हवेचं पाणी होतं, म्हणून मी जून ते सप्टेंबर टाकी संध्याकाळीच भरतो.

दुसरं फिल्टर. शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर आज बदला, वाद नको. काही गाड्यांना एकापाठोपाठ दोन वाट्या असतात. लोक समोरची बदलतात आणि मागची तशीच सोडतात. फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही काढून धुवा. नवीन फिल्टर बसवताना जुना रबरी वॉशर वरच्या झाकणाला चिकटून राहिलाय का ते बोटाने चाचपा. दोन वॉशर एकावर एक बसले की हवा घेणारच.

तिसरं, हवा. इथे जरा थांबून सांगतो, कारण इथेच मी पैसे घालवलेत.

फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं. तिथे सांधा सैल असला की डिझेल बाहेर येतं आणि डोळ्यांना दिसतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट ओढीची आहे. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, पाइप कोरडा, आणि गाडी मात्र झटके मारते. माझी गाडी पहाटे दोन-तीन सेल्फात चालू व्हायची, पहिलं मिनिट वेड्यासारखी लंगडायची, मग सरळ. एका गॅरेजमध्ये पंप उतरवून करून घेतला, टोमॅटोच्या दोन खेपांचं भाडं त्या बिलात गेलं, आणि तिसऱ्या दिवशी दुखणं परत हजर. शेवटी सापडलं ते टाकीजवळच्या रबरी पाइपात, क्लिपच्या खाली, केसाएवढी चीर. रात्री तिथून हवा शिरायची आणि पाइपातलं डिझेल टाकीत परतायचं. हातभर नवा पाइप आणि दोन क्लिपा एवढ्यात काम झालं.

हे पकडायची युक्ती अशी. फीड पंपाच्या आधीच्या वाटेत, रबरी पाइपाच्या जागी, हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा. पंखा आणि सायलेन्सर मॅनिफोल्डपासून लांब राहील असा बांधा. इंजिन चालू करा आणि टॉर्च मारून बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ठीक. सतत मोत्यांची माळ चाललेली दिसली तर टाकीच्या दिशेने एकेक सांधा तपासत मागे जा. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नका. काम झालं की पारदर्शक पाइप काढून डिझेलचाच रबरी पाइप टाका, तो पाइप तिथेच ठेवून घाटात जायचं नाही.

एक खूण: हवेचं मिसिंग सहसा एका सिलिंडरला धरून बसत नाही. आज हा, घडीने तो. ताल विस्कळीत असतो. ठराविक एकच सिलिंडर मरत असेल तर हवेवर फार वेळ घालवू नका.

हवा काढायची पद्धत: फिल्टरच्या वरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या) मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू घट्ट करा. मग हेच पंपावरच्या स्क्रूला. फिल्टर सोडून थेट पंपावर गेलात तर फिल्टरमधली हवा पुन्हा पंपात येते आणि सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

सिलिंडर पकडायची चाचणी

आता मुख्य काम. आधी धोका सांगतो आणि तो गंभीरपणे घ्या. जुन्या डीआय इंजिनात नोझल सुमारे २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) पुढच्या दाबाला उघडतं. बारीक भोकातून सुटलेली ती धार कातडीतून आरपार आत जाते. बाहेर टोचल्याएवढा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल स्नायूंमध्ये पसरत असतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. म्हणून डोळ्यांना गॉगल, पाइपावर जाड फडकं, आणि बोट कधीही गळतीच्या जागी नाही. कॉमन रेल गाडीत दाब १,००० बारच्याही वर असतो, तिथे हा पाइप चालू इंजिनात सैल करायचाच नाही.

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल काढून ठेवा, पंखा बाजूलाच फिरतोय. बहुतेक पिकअपमध्ये रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. व्हॉल्व्ह कव्हरवर खडूने १, २, ३, ४ लिहा.

इंजिन गरम करून स्लोवर ठेवा. पहिल्या नोझलवरची पाइपाची नट (१७ किंवा १९ चा पाना लागतो) फडकं गुंडाळून अर्धा आटा सैल करा. डिझेल बाहेर झिरपेल, नोझल उघडणार नाही, तो सिलिंडर बंद पडेल. आता ऐका. इंजिनचा आवाज पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर कामाचा होता. नट घट्ट करा आणि पुढच्याकडे जा. ज्या सिलिंडरची नट सैल केल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला. खडूने त्याच्यावर फुली मारा.

आमचे म्हातारे मिस्त्री या वेळी डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, ‘‘डोळे उघडे ठेवले की, मालक, मला हवं तेच दिसतं. कानाला लबाडी जमत नाही.’’

सैल केलेल्या नटेतून डिझेल ठोके देत येतंय का हेही बघून ठेवा. येतंय, तर पंप त्या सिलिंडरला माल देतोय आणि दुखणं नोझलमध्ये किंवा दाबात आहे. काहीच येत नाही किंवा नुसता फेस येतोय, तर दुखणं पंपाच्या बाजूला.

पाना लावायची भीती वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. पूर्ण थंड गाडी चालू करा आणि मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा. मेलेल्या सिलिंडरचं तोंड बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड राहतं. उशीर केला तर लोखंड एकमेकांना तापवतं आणि फरक पुसला जातो.

नोझलची अदलाबदल

समजा फुली तिसऱ्यावर आहे. नवीन नोझल विकत घ्यायच्या आधी तिसऱ्याचं नोझल पहिल्यावर आणि पहिल्याचं तिसऱ्यावर टाका. पुन्हा चाचणी घ्या. मिसिंग पहिल्यावर गेलं तर नोझल दोषी. तिसऱ्यावरच राहिलं तर नोझल निर्दोष, पुढे जा. वर्कशॉपला लाख रुपयांची यंत्रं असतील, पण या अदलाबदलीइतका सरळ न्याय दुसरा नाही.

उतरवण्याआधी नोझलच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करा. आत पडलेला खडा थेट पिस्टनवर जातो. पाइपांची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा. नोझलच्या बुडाशी काळा, डांबरासारखा थर दिसला आणि गाडी चालू असताना तिथून ‘चुक चुक’ आवाज येत असेल, तर खालचा वॉशर गळतोय. दाब तिथूनच निघून जातोय आणि नोझल स्वतः कदाचित ठणठणीत आहे. जुना वॉशर खड्ड्यात अडकून राहतो, टॉर्च मारून बघा. वॉशर दरवेळी नवीनच. क्लॅम्पला दोन नटा असतील तर दोन्ही आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा, एका बाजूने ओढलं की नोझल तिरपं बसतं.

नोझल दोषी निघालं तर चारही काढून नोझल टेस्टिंगवाल्याकडे न्या. दुकानावर अजून कुठे कुठे ‘माइको’ लिहिलेलं दिसेल. मोटार इंडस्ट्रीज कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, पण बाजारात लोकांच्या तोंडी माइको पंपच राहिला. तिथे नुसतं ‘करून द्या’ म्हणून चहाला जाऊ नका. उभे राहा आणि तीन गोष्टी बघा: ठरलेल्या दाबाला उघडतं का, फवारा धुक्यासारखा बारीक आणि सगळ्या भोकांतून सारखा येतो का, आणि दाब उघडण्याच्या किंचित खाली धरून ठेवला तर टोकाला थेंब जमतो का. थेंब जमला तर ते नोझल गेलं. हात फवाऱ्यापासून लांब. इथला दाबही तोच आहे.

टॅपेट

नोझलची अदलाबदल करूनही तिसरा मेलेलाच आहे. आता व्हॉल्व्ह कव्हर उघडा.

नवशिक्यांना वाजणाऱ्या टॅपेटची भीती वाटते, ते आवळून गप्प करतात. उलटं आहे. वाजणारा टॅपेट बरा, गप्प टॅपेट वाईट. फट संपली की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, आणि तापलेल्या वायूने व्हॉल्व्हची कड जळत जाते.

फट किती ठेवायची आणि ती थंड की गरम इंजिनात मोजायची, हे तुमच्या इंजिनच्या पुस्तकातून घ्या. इनलेट आणि एक्झॉस्टची वेगळी असू शकते. शेजारच्या गाडीचा आकडा ऐकून लावू नका. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडीतली) पट्टी फटीत हलकी धरून ओढली जावी, लोण्यातून सुरी जाते तशी सैल नको.

कोणता टॅपेट कधी लावायचा यासाठी एक सोपा हिशोब आहे. या इंजिनांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, बहुधा १-३-४-२ असतो. त्यात १ आणि ४ ही जोडी, २ आणि ३ ही जोडी, बेरीज पाच. इंजिन हाताने फिरवत राहा. चौथ्याचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) एकाच वेळी हलताना दिसले, एक वर येतोय आणि दुसरा खाली जायला लागलाय, की तिथे थांबा आणि पहिल्याचे टॅपेट लावा. तिसऱ्याचे हलले की दुसऱ्याचे, पहिल्याचे हलले की चौथ्याचे, दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचे. कव्हर बसवताना गॅस्केट नवीन टाका, पन्नास रुपये वाचवून महिनाभर ऑइल गाळत फिरायचं कशाला.

दाब मोजणं

इथपर्यंत आलात आणि सिलिंडर अजून मेलेला आहे, तर कॉम्प्रेशन मोजायची वेळ आली. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, डिझेलचाच हवा, आणि नोझलच्या खड्ड्यात बसणारा ॲडॅप्टर हवा. म्हणून हे गॅरेजमध्येच करून घ्या, पण आकडे चारही सिलिंडरचे मागून कागदावर घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, मरतुकड्या सेल्फवर सगळेच आकडे खोटे येतात.

चांगल्या डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार दिसतात. जुन्या गाडीत सगळेच थोडे कमी असले तर तिचं वय आहे, त्यावर मिसिंग येत नाही. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा चार-पाच बार किंवा अधिक खाली असेल तर तो दोषी. शेजारचे दोन, समजा २ आणि ३, दोन्ही सारखेच खाली असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट जळालीय.

एकच खाली असेल तर मेकॅनिकला त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमचाभर म्हणजे चमचाभरच. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की उरलेली जागा फारच थोडी असते, जास्त ऑइल ओतलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

गेज मिळेपर्यंत घरी दोन गोष्टी करता येतात. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून तालात ‘भक् भक्’ धूर येत असेल तर रिंगांकडे संशय. आणि थंड इंजिनात, थंडच, रेडिएटरचं झाकण काढून मग गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट. गरम रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेले हात मी दोन पाहिलेत, त्यातला एक माझ्या चुलत भावाचा.

पंपाची पाळी सगळ्यात शेवटी

नोझल अदलाबदल करून पाहिलं, टॅपेट लावले, दाब बरोबर आला, आणि त्याच सिलिंडरच्या नटेतून डिझेल नीट येत नाही. आता पंप. त्यातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग किंवा एलिमेंट गेला असू शकतो. पंप रस्त्याकडेला उघडायचा नाही. आतल्या प्लंजर-बॅरलची फट इंचाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. धुळीचा एक कण पुरेसा. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनवर छिन्नीने एक सरळ खूण करा, किंवा असलेली खूण पेंटने ठळक करा. नाहीतर परत बसवताना टायमिंग सरकतं, आणि मग चारही सिलिंडर रुसतात.

कॉमन रेल, सीएनजी

कॉमन रेल गाडीत पाइप सैल करायचा नाही हे सांगून झालं. तिथे स्कॅनर लावून प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन वाचतात, आणि इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून बघतात. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते तो आतून गळतोय. दोन्ही कामं जाणकाराकडून.

सीएनजी पिकअप म्हणजे ठिणगीचं इंजिन. तिथे प्लग, कॉइल आणि वायर आधी, बाकी सगळं नंतर. गॅसला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर सरळ चालणारी गाडी गॅसवर मिस मारत असेल तर प्लगची फट आणि कॉइल तपासा. अदलाबदलीची युक्ती तिथेही तशीच लागू पडते, मात्र इंजिन बंद करून.

दुरुस्तीनंतर

रिकाम्या गाडीत स्लोवर ऐकून पैसे देऊ नका. पोती भरा, जवळचा चढ गाठा, तिसऱ्या गिअरला लोड देऊन बघा. परत आल्यावर नोझल पाइपाच्या चारही नटा कोरड्या आहेत का ते फडक्याने पुसून तपासा, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर नोझलच्या क्लॅम्प नटा इंजिन थंड असताना पुन्हा एकदा पान्याने बघून घ्या. मी कितव्या सिलिंडरचं काय केलं ते तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहितो. सध्या तिथे चार ओळी आहेत आणि त्यातल्या तीन एकट्या तिसऱ्याच्या.